मामांचा तलाव

आमच्या कुटुंबात प्रवासाचे वेड सर्वांनाच आहे. फक्त ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे त्याची उंची कमीजास्त होते. धाकटे बंधू काश्मीरात जाऊन तेथली पर्वतावरची सरोवरे पाहून आले, आणि तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ती सरोवरे पाजली जातात. मीही गेल्या मार्गशीर्षात तलावांमागून तलाव ओलांडीत सीमेवरच्या एका डोंगराचा माथा गाठला, असे मी सांगू लागलो की मंडळी कान टवकारतात. “कोठे?” म्हणून विचारतात. “भंडारा जिल्ह्यात,” असे म्हटले की ते कान पुन्हा जागच्या जागी जातात.

माझे आजोळ तुमसरकडचे. लहानपणी सुटीत तेथे गेलो की गावातला कोणताही माणूस तलावाकडे बोट दाखवून “तो मामा तलाव” म्हणे, आणि आपल्या मामांचा एवढा मोठा तलाव आहे या विचाराने माझी छाती फुगे. शेजारच्या गावीही मामा तलाव, त्यापुढच्या गावीही मामा तलाव! एवढी श्रीमंती असूनही मामा आम्हांला एक आण्याची कुल्फी का घेऊन देत नाहीत, हे कोडे मला बरीच वर्षे सुटले नाही. माजी मालगुजारी तलावाचे लोकांनी केलेले लघुरूप म्हणजे ‘मामा’, हे पुढे कळले.

भंडारा आणि १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया, या दोन जिल्ह्यांत असे तलाव हजारांनी मोजावे लागतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी त्यांतले बरेच बांधले, आणि पुढे मालगुजारांनी ते सांभाळले. दोन टेकाडांमधली जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा द्यायचा, आणि पाळीत ‘तुडुम’ म्हणजे पाणी सोडण्याचे मोरीसारखे तोंड ठेवायचे. वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्याखालच्यात, आणि वाटेत धानाच्या बांध्या भिजत जायच्या. यात कोठे सिमेंटचा कण नाही, की कोनशिला नाही.

माझे आजोबा एका मालगुजाराचे दिवाणजी. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि त्याच साली आमचे मामा जन्मले. “एक जबाबदारी गेली अन् दुसरी आली,” असे आजोबा म्हणत. पण पहिली त्यांनी कधी सोडलीच नाही. पगार बंद झाला तरी रोज सकाळी ते पाळीवरून फेरी मारीत आणि उंदराचे बीळ दिसले की स्वतः बुजवीत.

तर गेल्या मार्गशीर्षात मी मामांकडे गेलो होतो. धान कापून झाला होता, शेतांत पुंजणे रचले होते. रात्री जेवताना मामा सहज म्हणाले, “उद्या अंबागडावर जाऊ.” मामींच्या हातातला पळा थांबला. मामांचे वय पंचाहत्तरीला टेकलेले, एक गुडघा रुसलेला, आणि वर्षापूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी छातीचे दुखणे सांगून चढ-उतार बंद केलेला. हात धुताना मामींनी मला हळूच बजावले, “त्यांना अर्ध्या वाटेवरून परत आण. तुझ्या भरवशावर पाठवते.”

तुमसरपासून अंबागड सुमारे १३ किलोमीटरवर आहे. वाटेत एकामागून एक तलाव लागले. एकात कमळाची पाने, दुसऱ्यात ढीवरांचे जाळे, तिसऱ्याच्या काठावर शिंगाड्याच्या राशी. प्रत्येक तलावाशी मामा गाडी थांबवायला लावीत आणि सांडवा पाहून येत. चौथ्या तलावाशी मी घड्याळ पाहिले, तेव्हा म्हणाले, “गड कोठे पळत नाही. तलाव पळतात.” याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

गडाची चढण हिमालयाच्या मानाने काहीच नव्हे, हे मी बंधूंच्या समाधानासाठी आधीच कबूल करतो. पण चढणीची उंची फुटांत मोजायची नसते, ती बरोबरच्या माणसाच्या श्वासांत मोजायची असते. सागाची वाळलेली पाने पायांखाली करकरत होती. काही ठिकाणी पायऱ्या, काही ठिकाणी सुटे दगड. पंधरा पावले झाली की मामा एखाद्या झाडाचे नाव सांगण्यासाठी थांबत. हा ऐन, हा तेंदू, हा मोह. पुढे दर आठ पावलांना झाड येऊ लागले. शेवटी एका दगडावर ते बसले, तेव्हा त्यांनी झाडाचे नाव सांगितले नाही. ओठ पांढरे पडले होते.

मी पाणी दिले आणि म्हणालो, “मामा, पुरे. आता उतरू या.”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “याच्याच आसपास बसलो होतो मी, दहा वर्षांचा असताना. पायात काटा मोडला होता. वडील म्हणाले, राहू दे, वरून आपले सगळे तलाव एकदम दिसतात, ते पुढच्या वेळी दाखवतो. पुढची वेळ आली नाही.”

मामींना दिलेला शब्द एका बाजूला, आणि चौसष्ट वर्षे राहिलेली ही उधारी दुसऱ्या बाजूला. काय करावे मला सुचेना. तेवढ्यात बकऱ्या घेऊन एक गुराखी वरून उतरला. त्याने मामांकडे पाहिले, आपली काठी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, “बसा जी जरा. घाई काहून करता? दरवाजा आता हा काय!” त्या ‘हा काय’ला आम्हांला पाऊण तास लागला. गुराखी पुढे, मामा मध्ये आणि मी मागे हात पसरून, मामींचे शब्द आठवीत.

दरवाजा मात्र राजाला शोभेसा आहे. १७०० च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याच्या पदरच्या राजाखान पठाणाने हा गड बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. आतल्या विहिरीचे साचलेले, सडके पाणी कैद्यांना प्यायला लावीत, असे सांगतात. मामांना दरवाजाच्या सावलीत बसवून मी एकटा माथ्यावर जाऊन आलो. बुरुज ढासळलेले, भिंतींत झाडे रुजलेली. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा मध्य प्रदेशात शिरताना दिसल्या. त्या बाजूला दोन्ही राज्यांच्या मधून बावनथडी नदी वाहते. मामा जन्मले तेव्हा ही सीमा येथे नव्हतीच. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत भंडारा मध्य प्रदेशातच होता. मग तो मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. माणसांनी रेघ हलवली. डोंगराने कूस बदलली नाही.

परत दरवाजापाशी आलो, तर मामा दक्षिणेकडे तोंड करून बोटे मोजीत होते. खाली ऊन पसरले होते आणि त्यात तलाव आरशाच्या तुकड्यांसारखे चमकत होते. “अकरा,” ते म्हणाले. मग एका जागी बोट थांबले. “बारावा आपला. तो चमकत नाही.”

तेथे नुसता हिरवा डाग होता. बेशरमीच्या झुडपांनी अर्धे पाणी गिळले होते, उरलेले गाळाने उथळ केले होते. १९५१ नंतर पाण्यावरचा निस्तार हक्क गावाकडे राहिला, पण पाळीवर फावडे कोणी मारायचे, हा प्रश्न कागदोपत्री फिरत राहिला. ‘तलाव पळतात’ म्हणजे काय, ते तेथे उभे राहिल्यावर मला समजले. आणि हेही समजले की, एवढे दगड रचून बांधलेल्या गडावर प्यायला धड पाणी नाही, आणि निनावी माणसांनी मातीने बांधलेले तलाव आजही गावाला भात देतात. गड राखायला फौज लागते. तलाव राखायला रोज सकाळी फेरी मारणारा एक माणूस पुरतो. पण तो लागतोच.

“अर्जुनी मोरगावकडे ढीवर बायाबापड्यांनी बेशरम उपटून तलाव जिवंत केले,” गुराखी म्हणावा तसा सहज मामा म्हणाले. “आपल्याला काय झाले?”

उतरताना त्यांनी झाडांची नावे सांगितली नाहीत. घरी मामींनी विचारले, “कोठवर गेला होता?” मी खाली मान घालून म्हणालो, “दरवाजापर्यंत.” मामींनी आमच्या दोघांच्या बुटांकडे पाहिले आणि मुकाट्याने ताटे वाढली.

चैत्रात मामांचा फोन आला. गावची वीस-पंचवीस माणसे पाळीवर जमली होती, बेशरम मुळासकट निघत होती. “तुझे फावडे बाजूला ठेवले आहे,” ते म्हणाले. मी रजा टाकली. बंधूंनाही विचारले, एका तलावावर जायचे आहे, येता का? त्यांनी तलावाची उंची विचारली. मी म्हणालो, “उंची नाही, खोली वाढवायची आहे.” ते आले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे, आणि पहिल्याच दिवशी हाताला दोन फोड आल्यापासून काश्मीरची सरोवरे चहानंतर येऊ लागली आहेत.