नऊ चौकटी

किहीमच्या आमच्या घराच्या पडवीत बसून मी हे लिहीत आहे. समोर विहीर आहे, विहिरीवर कललेला एक माड आहे आणि त्या माडाच्या झावळ्यांना सुगरणींची अकरा घरटी लोंबत आहेत. अकरा हा आकडा माझा नव्हे, माझ्या भाचीचा. पंचाहत्तर वर्षांत ती घरटी मी कधी मोजली नव्हती. सुगरणी येतात, कलकलाट करतात आणि पावसाळा सरला की जातात, एवढेच माझे त्यांच्याविषयीचे ज्ञान. शेजारच्या घरातल्या माणसांविषयीही आपले ज्ञान याहून फारसे अधिक नसते. म्हणून मला त्यात कधी उणे वाटले नाही.

भाची आषाढात आली. पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद असतात. पण २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोठी रो-रो बोट चालते, त्या बोटीने ती आली. कपड्यांची पिशवी एक आणि सामानाच्या पेट्या दोन. चहा घेता घेता मी विचारले, "काय बेत आहे?"

"फिल्म करतेय, मामा. छोटी. बारा मिनिटांची."

"कशावर?"

"आपल्या विहिरीवर."

आमच्या पिढीच्या कथांत विहीर आली की तिच्यात कोणीतरी उडी टाकणार हे ठरलेलेच असे. मी साहजिकच विचारले, "कोण उडी टाकतं?"

"कोणी नाही. पक्षी घरटं बांधतो."

"मग?"

"मग मादी येते, बघते आणि निघून जाते."

"मग?"

"मग तो दुसरं बांधतो."

मी चहाचा पेला खाली ठेवला. ज्या गोष्टीत तीनदा 'मग' विचारूनही काही घडत नाही, ती गोष्ट नव्हे, असे माझे मत मी तिला ऐकवले. ती हसली. तिच्या आजीसारखी हसली, खालचा ओठ दाताखाली धरून. पण आईविषयी पुढे येईलच.

त्याच रात्री माझ्या मेहुण्यांचा फोन आला. पोरीने चांगल्या पगाराची नोकरी सोडली, हे मला तेव्हा कळले. "तुमचं ऐकते ती. महिनाभर राहू दे तिकडे, पाखरं बघू दे, पण परत पाठवाल तेव्हा डोकं ठिकाणावर आणून पाठवा," ते म्हणाले. मेहुणे वाईट गृहस्थ नव्हेत. त्यांनी चाळीतल्या एका खोलीतून संसार वर काढला आहे, आणि अशा माणसाला नोकरी सोडणे म्हणजे चालत्या गाडीतून उडी टाकल्यासारखे वाटते. मी शब्द दिला. स्वतः बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला असा शब्द द्यायला जड जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिचे काम सुरू झाले. काम म्हणजे काय, तर विहिरीपासून दहा पावलांवर जुन्या ताडपत्रीचा आडोसा करायचा, त्यात कॅमेरा तिकाटण्यावर उभा करायचा आणि गप्प बसायचे. सकाळी सहा ते अकरा, दुपारी तीन ते उजेड जाईपर्यंत. पाऊस कोसळू लागला की कॅमेऱ्यावर प्लास्टिक आणि स्वतःच्या डोक्यावर काही नाही. पाचव्या दिवशी मला राहवेना. छत्री घेऊन मीही तिच्याशेजारी जाऊन बसलो. हेतू समजूत घालण्याचा होता. पण तिथे बोलायला बंदी! तेव्हा नाइलाजाने पाहू लागलो.

आता एक कबुली. सुगरण हा शब्द स्त्रीलिंगी, आणि घरात कोणी जरा नीटनेटकी निघाली की तिला आपण सुगरण म्हणतो. त्यामुळे हे विणकाम मादीच करते अशी माझी जन्मभराची समजूत होती. प्रत्यक्षात बांधतो तो नर. गवताच्या पात्याची कड चोचीने धरून असा हिसका देतो की हातभर बारीक पट्टी सुटून येते. तिची गाठ मारतो, वळसा घेतो, पुन्हा गवताकडे जातो. शिरस्त्राणासारखे अर्धे घरटे झाले की त्याला लोंबकळून पंख फडफडवीत ओरडू लागतो. मग मादी येते. आत शिरते, चोच मारून पाहते, ओढून पाहते. पसंत पडले तर तिथे बिऱ्हाड करते आणि नर पुढची नळी विणून देतो. नापसंत पडले तर ते अर्धे घरटे तसेच लटकत राहते. शंभर शेलक्या चोचीभर पट्ट्यांचे काम, आणि परीक्षकाचा निकाल अर्ध्या मिनिटात!

हे सारे जगाला प्रथम नीट समजले ते आमच्या या किहीममध्ये. १९३० साली सलीम अली बर्लिनहून परतले. तिथे एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या माणसाला मुंबईत मात्र नोकरी उरली नव्हती. संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले. शिडीवर कापडाचा आडोसा करून त्यांनी सुगरणींची एक वसाहत दिवसेंदिवस पाहिली, आणि ध्यानात आणून दिले की एका मादीचे बिऱ्हाड थाटून दिले की नर दुसरे घरटे बांधायला घेतो, तिथे दुसरी मादी येते, आणि असे त्याचे संसार वाढत जातात. १९३१ मध्ये तो निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ती शिडी आमच्याच वाडीतून गेली होती असे आमचे एक काका छातीठोकपणे सांगत. काकांचा जन्म १९३४ चा.

आडोशात बसल्या बसल्या माझ्या मनात आले, की बेकार सलीम अलींना समजावण्यासाठी कोणाच्या मेहुण्यांनी कोणाला फोन केला असेल? हा विचार मी लगेच दडपला. प्रत्येक नोकरी सोडणारा सलीम अली निघत नाही, हे मलाही कळते. बँकेत असताना अशा नऊ जणांची कर्जे मी बुडताना पाहिली आहेत.

रात्री जेवताना मात्र मी वाद उकरून काढला. म्हटले, "सिनेमात गोष्ट हवी." ती म्हणाली, "फाळक्यांची पहिली फिल्म कुठली, मामा?" मी म्हटले, "राजा हरिश्चंद्र." "त्याच्या आधीची?"

मी गप्प राहिलो. कारण उत्तर मला येत होते. १९१२ साली फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे टिपून त्याचे चित्र केले. 'अंकुराची वाढ' हे त्याचे नाव. पडद्यावर कोंब सरसर वर येताना पाहिल्यावरच पैसेवाल्याचा हात खिशाकडे गेला. फिल्मला भोके पाडण्यापासून सरस्वतीबाई त्या कामात होत्या. त्याच्याही आधी, १८९९ मध्ये, सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, विलायतेहून कॅमेरा मागवून हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली. कुस्तीत गोष्ट कसली? एक पडतो, एक पाडतो. आपल्याकडचा सिनेमा असा एका कुस्तीने आणि एका वाटाण्याने सुरू झाला, आणि दोन्ही मराठी माणसांनी स्वतःच्या पदराला खार लावून केलेले. गोष्टी नंतर आल्या.

हे मला कसे ठाऊक? इथे दुसरी कबुली द्यावी लागते. १९६८ साली, अठराव्या वर्षी, मी एका हिंदी चित्रपटाला गेलो होतो. त्या काळी खेळाआधी सरकारी फिल्म्स डिव्हिजनचा एखादा लघुपट दाखवीत, आणि लोक तेवढ्यात शेंगदाणे घेऊन येत. त्या दिवशी प्रमोद पतींचा 'एक्सप्लोरर' लागला. सातएक मिनिटे नाचणारी तरुण मुले, प्रयोगशाळा, धर्माची चिन्हे, सगळे डोळ्यांवर विजेसारखे आदळत होते. निवेदन नाही, शेतकऱ्यांना सल्ला नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी मात्र मुख्य चित्रपट न पाहता बाहेर आलो आणि चौपाटीपर्यंत चालत गेलो. पुढे पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनांची 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' पाहिली. ती १९६७ ची; बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांचे सुवर्ण अस्वल मिळवलेली. तिच्यात राजस्थानच्या उन्हात एक छत्री, एक कंदील आणि एक जोडा असे काही फिरत होते, की आपणही हे करावे असे वाटले. तिकीट काढून आलेल्या लोकांच्या माथी असले काही मारणारे ते सरकारी खाते मला आजही कौतुकाचे वाटते. २०२२ साली ते दुसऱ्या महामंडळात विलीन झाले.

तर १९७४ च्या दिवाळीत मीही एक प्रयोग केला. एका मित्राचे काका आफ्रिकेहून सुपर-८ चा कॅमेरा घेऊन आले होते, तो मागून आणला. शिकवण्यांच्या पैशांतून तीन रिळे घेतली. एक रीळ पन्नास फुटांचे. सेकंदाला अठरा चौकटी या वेगाने तीन मिनिटे वीस सेकंद पुरते. मी किहीमला आलो आणि चार दिवस टिपत राहिलो. ओटीवर हलणारी झावळ्यांची सावली, वाळूतल्या खेकड्यांची रांगोळी, संध्याकाळी सुरूच्या खोडांमधून दिसणारा खांदेरीचा दिवा. गोष्ट नको होती मला. माणूस तर मुळीच नको. माणूस आला की भावना येते आणि भावना आली की चित्र बाटते, असे काहीतरी तेव्हा वाचले होते.

पण आईला कोण सांगणार? ओटी तिची होती. ती वाल सोलायला बसे, राहाटावर पाणी ओढी, सुपातली आमसुले उलटी करी. मी चौकट लावली की ती कुठून तरी तिच्यात येई. आणि कॅमेऱ्याचा आवाज ऐकला की म्हणे, "अरे मेल्या, सांगायचंस तरी! लुगडं तरी बदललं असतं."

रिळे धुवून आली. मी कात्री घेऊन बसलो आणि जिथे जिथे आई होती तिथे तिथे कापले. दहा मिनिटांची चार मिनिटे उरली. ती एका मित्राच्या घरी सहा जणांनी पाहिली आणि 'शुद्ध' म्हणून वाखाणली. कापलेले तुकडे मी इथेच टाकून गेलो होतो. पुढच्या खेपेला पाहिले तर आईने त्यांनी तोंडलीचा वेल मांडवाला बांधला होता. "चिवट आहे हो ही फीत," ती म्हणाली. स्वतःच्या चित्रांनी तिने तोंडल्यांचा वेल बांधला, आणि उन्हापावसात ती चित्रे दोन वर्षांत पांढरी झाली. त्याच वर्षी मी बँकेत लागलो. कॅमेरा केव्हाच परत केला होता. १९८१ मध्ये आई गेली. तिचे दोन फोटो आहेत, आणि दोहोंतही ती दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नात मागे उभी आहे.

हे मी भाचीला सांगितले नव्हते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या घराची निम्मी कौले उडाली, विहिरीवरच्या तीन माडांतले दोन आडवे झाले आणि माळ्यावरची ट्रंक भिजली. ती ट्रंक त्यानंतर कोणी उघडलीच नव्हती. श्रावणात एका सततच्या पावसाच्या दिवशी पोरगी माळ्यावर चढली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन उतरली. "मामा, हे काय?"

तिने ते रीळ मुंबईला नेले. बुरशीने बरेच खाल्ले होते; उरले ते कोणाकडून तरी संगणकावर उतरवून आणले, आणि एका रात्री इथे पडवीच्या भिंतीवर दाखवले. पन्नास वर्षांपूर्वीची माझी शुद्ध कलाकृती! सावली हलत होती. हलतच होती. मला जांभई आली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. भाची मात्र पुढे वाकून पाहत होती. एकाएकी म्हणाली, "थांब," आणि चित्र मागे नेले.

ओटीवरच्या सावलीचे दृश्य संपते तिथे उजव्या कडेने एक हात आत येतो. दोन काचेच्या बांगड्या. बोटे वालाच्या टरफलांकडे जातात, आणि पोचण्याआधी दृश्य तुटते. माझी कात्री तिथे जरा उशिरा चालली होती. भाचीने चौकटी मोजल्या. नऊ. अर्धा सेकंद.

"आजी?" तिने विचारले.

मी मान हलवली. तिने त्या नऊ चौकटी पुन्हा पुन्हा चालवल्या. हात येई आणि जाई. बाहेर पाऊस थांबला होता तरी पागोळ्या गळत होत्या. शेवटी मीच दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी तिने विचारले, या चौकटी तिच्या चित्रात घेऊ का. मी नको म्हटले. तिने कारण विचारले नाही आणि आडोशात जाऊन बसली. त्या दिवशी एका नराचे चौथे घरटे नापसंत झाले.

गणपतीनंतर मेहुण्यांचा पुन्हा फोन आला. "बोललात का?" मी म्हटले, "नाही बोललो, आणि मला ते जमणार नाही." ते चिडले. काय चुकले त्यांचे? ते म्हणाले, तुमचे पेन्शन आहे, तुम्हाला कौतुक परवडते. उद्या पोरीचे भाडे थकले तर ते तुम्ही भरणार आहात का? मी सांगितले, एक वर्षाचे भरीन. माझा हिशेब करून झाला आहे. हे ऐकून ते अधिकच दुखावले. बापाला मामाने असे सांगायचे नसते, हे शब्द तोंडातून गेल्यावर ध्यानात आले. तेव्हापासून त्यांचे माझे बोलणे नाही, आणि बहिणीचाही फोन महिनाभर आला नाही. भाची तेवढी रोज कामाला बसते. घरटी आता पिवळी पडली आहेत. पिल्ले उडून गेली. तिला रिकाम्या घरट्यांचा वारा हवा आहे म्हणे.

काल संध्याकाळी बहिणीचा फोन आला. नवऱ्याविषयी एक अक्षर नाही, नोकरीविषयी नाही. पोरगी जेवते का, एवढे विचारले. मग म्हणाली, "तिने सांगितलं मला, आईचा हात आहे म्हणून. भाऊबीजेला येते मी. तोवर कोणाला दाखवू नका, आणि पुसूही नका." फोन ठेवता ठेवता पुन्हा म्हणाली, "दोन दिवस आधी वाल भिजत घाल. बाजारातले सोललेले आणू नकोस, मी येऊन सोलीन."

आज सकाळी चोंढीला जाऊन शेरभर वाल आणले. भाची म्हणते, आईला ओटीवर कुठे बसवायचे ते उजेड बघून ठरवू.