सडपातळ म्हणावें कीं हडकुळा?

एखादी मुलगी चवळीच्या शेंगेसारखी आहे असें म्हटलें तर तिच्या आईस संतोष होतो. तीच मुलगी पाप्याचें पितर दिसते असें म्हटलें तर त्या घरीं पुन्हां चहा मिळण्याची आशा नको. दोन्ही वाक्यांतील मुलगी एकच, तिचें वजनही तेंच. शिडशिडीत, सडपातळ, शेलाटा, काटक, रोड, किडकिडीत, लुकडा, हडकुळा, खंगलेला ह्या शब्दांतील फरक आमच्या पांचवीच्या मुलासही शिकवावा लागत नाहीं. घरांत आणि गल्लींत ऐकून तो त्याच्या कानांत बसलेला असतो. इंग्रजी शब्दांचें तसें नाहीं. ते आमच्या विद्यार्थ्यांस कोशांत भेटतात, आणि तेथें ते कवायतीच्या मुलांप्रमाणें एका रांगेंत, एकाच गणवेषांत उभे असतात. डॉक्टर पीटर मार्क रोझे ह्यांनीं १८५२ सालीं इंग्रजी समानार्थी शब्दांचा आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हांपासून लिहिणाऱ्यांची मोठी सोय झाली हें खरें; परंतु ज्याची आधीं ओळख नाहीं असा शब्द त्या रांगेंतून ओढून काढूं नये, असा आम्हीं वर्गांत नियम घातला आहे.

ह्यांतील अत्यंत साधा शब्द 'थिन'. संस्कृतांतील 'तनु' आणि हा 'थिन' हीं एकाच मूळ धातूचीं लेंकरें असून त्या धातूचा अर्थ ताणणें असा आहे. जें ताणलें जातें तें पातळ होतें. म्हणजे नायिकेस तन्वंगी म्हणणारा आपला कवि आणि आपल्या बैलास 'थिन' म्हणणारा इंग्रज शेतकरी हे दूरचे भाऊबंदच ठरतात. मात्र 'तन्वंगी' म्हणतांना कवीस कौतुक करावयाचें असतें, आणि 'थिन' कौतुकही करीत नाहीं व नांवेंही ठेवीत नाहीं. कागद, सूप, केस, पुरावा, ह्या सर्वांस तो सारखाच लागतो.

'स्लेंडर' ह्या शब्दांत शोभा आहे. बोटें, मान, फुलाचा देठ, मशिदीचा मिनार हे 'स्लेंडर' असतात. तुटपुंज्या मिळकतीसही इंग्रज 'स्लेंडर' म्हणतो, आणि तेथेंही तो दारिद्र्य झाकून बोलतो असें आम्हांस वाटतें.

'स्लिम' हा हल्लींचा लाडका. दुकानाच्या पाटीवर तो, विजारीच्या चिठ्ठीवर तो. मोबाईल फोनसुद्धां 'स्लिम' असल्याखेरीज खपत नाहीं. (त्याच्या नादानें कांहीं मुलींच्या डब्यांतील पोळी अर्धी झाली आहे, इकडे मातांनीं कृपा करून लक्ष द्यावें.) परंतु ह्या शब्दाचें कुळ पाहूं गेल्यास मौज वाटते. तो सतराव्या शतकांत डच भाषेंतून इंग्रजींत आला, आणि त्याचा जुना अर्थ वांकडा किंवा वाईट असा होता. जर्मन भाषेंत त्याचा सख्खा भाऊ 'श्लिम' अजून 'वाईट' ह्याच अर्थानें नांदतो. डच भाषेंत 'स्लिम' म्हणजे हुशार. डॉक्टर जॉन्सन ह्यांनीं १७५५ च्या आपल्या कोशांत ह्या शब्दास हलका ठरवून तो वापरूं नये असा शेरा मारला होता. १८८१ सालीं मजुबाच्या डोंगरावर इंग्रजांचा पराभव करणारे बोअर सेनापति पीट जूबेर ह्यांस लोक 'स्लिम पीट' म्हणत, तें त्यांच्या कमरेकडे पाहून नव्हे, तर त्यांच्या धूर्तपणाकडे पाहून. असा हा एके काळचा लबाड शब्द आज सभ्य मंडळींत मानानें बसला आहे.

'लीन' ह्या शब्दाचा आपल्या नम्रतेच्या 'लीन' शीं कांहीं संबंध नाहीं. ज्याच्या अंगावर चरबी नाहीं तो 'लीन'. खाटकाच्या दुकानांत हा गुण समजतात, धांवण्याच्या शर्यतींतही समजतात. शेक्सपिअरच्या सीझरास मात्र कॅशिअसाचें तसलें अंग पाहून भय वाटतें, आणि आपल्या भोंवतीं लठ्ठ माणसें असावींत असें तो म्हणतो. फारोच्या स्वप्नाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तिच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत दुष्काळी गाईंस 'लीन' आणि दुष्काळी कणसांस 'थिन' म्हटलेलें आढळतें. एके ठिकाणीं गाईंसही 'थिन' म्हटलें आहे, पण कणसांस 'लीन' कोठेंही नाहीं. कणसाच्या अंगीं मांस नसतें, मग तें झडणार कोठून!

'गॉन्ट' म्हणजे नुसता बारीक नव्हे. गालफडें बसलेलीं, डोळे खोल गेलेले, आणि त्यामागें उपास, दुखणें किंवा शोक. जॉन ऑफ गॉन्ट ह्या इंग्रज सरदारास हें नांव १३४० सालीं गेन्ट शहरीं जन्मल्यामुळें मिळालें. परंतु 'दुसरा रिचर्ड' ह्या नाटकांत मरणोन्मुख म्हातारा स्वतःच्याच नांवावर कोटी करतो, आणि आजारी मनुष्य असा खेळ करूं शकतो ह्याचें तरुण राजास नवल वाटतें. मुलांस आम्ही हा प्रवेश आवर्जून वाचून दाखवितों.

'वायरी' म्हणजे आपला काटक, 'लँकी' म्हणजे उंच व हातपाय लोंबते असा. 'स्किनी' आणि 'स्क्रॉनी' हे शब्द स्वतःविषयीं थट्टेनें वापरावे. दुसऱ्याविषयीं वापरल्यास तो दुखावतो.

गेल्या वर्षीं नववींतील एका विद्यार्थ्यानें फीच्या साहाय्यासाठीं एका निधीकडे पाठवावयाचा इंग्रजी अर्ज आम्हांस दाखविला. वडील धान्यबाजारांत हमाल. सहा महिने अंथरुणास खिळून उठलेले. अर्जांत लिहिलें होतें, 'माय फादर इज स्लिम.' असें वाचल्यावर निधीचे लोक त्या वडिलांचें अभिनंदनच करतील, हें आम्हीं त्यास समजावून सांगितलें. दुसऱ्या दिवशीं तो कोश पाहून 'इमेशिएटेड' हा शब्द घेऊन आला. शब्द खरा होता, वैद्यकीय दाखल्यांत शोभण्यासारखा होता, आणि त्यानें पैसे मिळण्याचाही संभव होता. परंतु मुलगा तेथेंच घुटमळत उभा राहिला.

"सर, ह्याचा अर्थ हाडांचा सापळा असाच ना?"

"जवळजवळ तसाच."

"बाबा सही करण्यापूर्वीं अर्ज मराठींत वाचून घेतील, सर. हा शब्द मी त्यांच्यापुढें कसा वाचूं?"

त्याचें म्हणणें आम्हांस पटलें. आम्हीं दोघांनीं मिळून तें वाक्य पुन्हां लिहिलें: ते 'थिन' झाले आहेत, आणि पंधरा वर्षें जें पन्नास किलोंचें पोतें ते पाठीवर नेत असत तें आतां त्यांस उचलत नाहीं. विशेषण सर्वांत साधें ठेवलें. सांगावयाचें तें पोत्यानें सांगितलें. मुलानें घरीं वाचून दाखविलें तेव्हां वडील पोत्याच्या वाक्यावर थोडे थांबले, 'पन्नास नव्हे, कधीं कधीं साठही' म्हणाले, आणि त्यांनीं सही केली.