मागे कोण उभे आहे?

विधात्याने माणसाला दोन डोळे दिले आणि ते दोन्ही पुढेच बसवले, ही त्याची चूक की हुशारी, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. मी चौतीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली. फळ्याकडे तोंड करून त्रिकोण काढता काढता मी म्हणे, "तिसऱ्या बाकावरच्या, चिंच खाली ठेव." आणि मागे चिडीचूप होई. माझ्या पाठीला एक डोळा आहे असा मुलांचा पक्का समज होता. खरे म्हणजे तिसऱ्या बाकावर कोणी ना कोणी, काही ना काही खात असेच. त्याला डोळा कशाला लागतो? पण तो समज मी मोडला नाही. पुढे पुढे तर तो मलाही खरा वाटू लागला. माणसाचे असेच होते.

मागचे पाहण्याचा वारसा तसा आमच्या घराण्यातच आहे. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. त्यानंतर काही वर्षांतच आमचे आप्पा कंडक्टर म्हणून नोकरीला लागले. तिकिटांची पेटी आणि पंच हे त्यांचे वैभव खरेच. पण मला त्यांचा खरा रुबाब दिसे तो गाडी मागे घेताना. आप्पा खाली उतरत, गाडीच्या मागे ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा बेताने उभे राहत आणि शिट्टी तोंडात धरून हात हलवू लागत. ते एवढे थोरले धूड त्यांच्या एका हाताच्या इशाऱ्यावर मागे मागे येई. थांबायचे झाले की पत्र्यावर एक थाप. निघायचे झाले की दोन. घंटीचाही हिशोब तोच, एक टोला थांबण्याचा आणि दोन टोले निघण्याचे. आप्पा म्हणत, "ड्रायव्हर पुढचं बघतो, ते त्याचं काम. मागचं जो बघतो, त्याच्यावर त्याला डोळे मिटून भरवसा टाकावा लागतो." लहानपणी मला हे वाक्य फार मोठे वाटत नसे. त्याचा अर्थ कळायला मला सत्तरी गाठावी लागली.

झाले असे. तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने पुण्याची नोकरी सोडली आणि बायकोच्या हाताच्या चवीवर भिस्त ठेवून साताऱ्यात घरच्या घरी फराळाचा धंदा काढला. चकली, चिवडा, अनारसे, करंज्या. माल पोचवायला जुनी गाडी घेतली, तीही चहूबाजूंनी पत्र्याने बंद असलेली. पुढे दोन माणसे बसतील एवढी जागा आणि मागे नुसती पत्र्याची खोली. खिडकी म्हणून कुठे नाही. मालाला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, वाटेत कोणाची नजरही लागत नाही. सौभाग्यवतींनी ओवाळताना विचारले, "अहो, पण याला मागचं दिसायचं कसं?" पुतण्या हसून म्हणाला, "काकू, आरसा आहे ना!" आरसा होता. आतल्या आरशात चकलीचे डबे उत्तम दिसत. बाहेरच्या दोन आरशांत गाडीच्या दोन बाजू दिसत. पण गाडीच्या पाठीशी नेमके काय आहे, ते मात्र तिन्ही आरसे मिळूनही सांगू शकत नसत.

मग ते काम आपसूक माझ्याकडे आले. आमचे अंगण उताराचे, बोळ अरुंद आणि गाडी उलटीच बाहेर काढावी लागे. रोज सकाळी मी मागे उभा राही आणि हात हलवून म्हणे, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" निवृत्त माणसाला घरात काही अधिकार असावा लागतो. सकाळची ती चार मिनिटे अंगणात माझी सत्ता चाले. आप्पांची शिट्टी तेवढी नव्हती.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. पुतण्याच्या सहा वर्षांच्या मुलीने अंगणात किल्ला केला होता. साताऱ्याच्या पोरांना किल्ल्याचे चित्र पुस्तकात शोधावे लागत नाही. मान वर केली की अजिंक्यतारा समोर उभाच असतो. दगड, विटा, पोते आणि वर लाल मातीचा चिखल. तटबंदीवर हळीव पेरलेले आणि बुरुजांवर मातीचे मावळे. जागा मात्र तिने निवडली होती ती नेमकी गाडीच्या मागची. पुतण्या गाडीत बसला, मी मागे उभा राहिलो आणि म्हणालो, "येऊ दे." एवढ्यात खिशातला फोन वाजला. एका जुन्या विद्यार्थ्याचा होता. नीट ऐकू येईना म्हणून मी फोन कानाला लावून फाटकाकडे वळलो. पाय वळले, मान वळली, पण तोंडाने सवयीने चालूच होते, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

एक करकर असा आवाज झाला.

मी वळून पाहिले. मागचे चाक किल्ल्यावर चढले होते. अर्धा डोंगर सपाट झाला होता, दोन बुरुज गेले होते आणि मावळ्यांचा चुरा झाला होता. आणि जिथे चाक होते, तिथे त्याच्या पुढच्या वितीवर पोरीचा लहानसा पाट पडला होता. त्या पाटावर ती सकाळपासून बसलेली होती. माझ्या तोंडचे पाणी पळाले. तेवढ्यात ती मोरीकडून तांब्या घेऊन आली. हळिवाला घालायला पाणी आणायला ती उठून गेली होती. एका तांब्यासाठी.

कोणी मला काही बोलले नाही. पुतण्या गाडीतून उतरला, त्याने पाट उचलला, मुलीला उचलले आणि तो बराच वेळ तसाच उभा राहिला. बोलली ती फक्त मुलगी. आजोबांवर रागवावे की नाही हे तिला ठरवता येत नव्हते. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हीच तर 'येऊ दे' म्हणालात." चौतीस वर्षांत हजारो मुलांनी मला हजारो प्रश्न विचारले. हा तर प्रश्नही नव्हता, आणि तरी मला त्याचे उत्तर देता आले नाही.

दिवाळी झाल्यावर पुतण्याने पोवई नाक्याकडच्या एका दुकानातून एक खोके आणले. म्हणाला, "काका, गाडीला मागे कॅमेरा बसवून घेऊ." बस्स, एवढेच. पण मला कळायचे ते कळले. तो कॅमेरा माझ्या जागी येत होता.

पुढे मी या विषयावर थोडे वाचले, तेव्हा लक्षात आले की असे जागेवरून उठवले जाणारा मी पहिला नव्हे. अमेरिकेत १९११ साली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची पहिली मोटारशर्यत झाली. तेव्हा शर्यतीच्या गाडीत चालकाच्या शेजारी एक मेकॅनिक बसे आणि मागून कोण येते ते तो वळून वळून सांगे. रे हॅरून नावाच्या चालकाने त्याला घरी ठेवला आणि त्याच्या जागी गाडीवर एक आरसा बसवला. शर्यत त्यानेच जिंकली. गंमत अशी, की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हते, हे पुढे त्याने स्वतःच कबूल केले! १९५६ साली ब्यूक कंपनीने प्रदर्शनात एक नमुन्याची गाडी मांडली. तिच्यात आरशाऐवजी मागे दूरचित्रवाणीचा कॅमेरा आणि चालकासमोर पडदा होता. त्या वर्षी आपल्याकडे दूरचित्रवाणी आलेलीही नव्हती. आमचे आप्पा तेव्हा शिट्टी वाजवत होते.

एक गोष्ट मात्र वाचून मी चष्मा काढून ठेवला. २००२ साली न्यूयॉर्कजवळ एका डॉक्टर बापाने घराच्या आवारात गाडी मागे घेतली, आणि मागे त्याचाच दोन वर्षांचा मुलगा होता. आरशांत तो दिसला नाही. त्या मुलाच्या, कॅमेरून गुलब्रॅन्सनच्या, नावाने २००८ साली तिथे कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिथल्या नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. तो बाप बेफिकीर नव्हता. त्याने आरसे पाहिले होते. लहान मूल गाडीच्या मागच्या कडेच्या खाली असते आणि आरसा तिथे पोचत नाही, एवढेच. आणि मी तर आरसाही नव्हतो. मी दोन डोळ्यांचा माणूस होतो.

म्हणून कॅमेरा बसवायच्या दिवशी मी रुसून आत बसलो नाही. वायरिंगवाल्या पोराच्या हाताखाली उभा राहिलो. वस्तू पाहिली तर सुपारीएवढी. हिने माझी जागा घ्यायची! नंबरप्लेटच्या वरच्या बाजूला त्याने पत्र्याला भोक पाडले, त्याची धार कानशीने मोडली आणि त्यात रबरी कडी बसवली. नाही तर पत्र्याची कड वायरीला हळूहळू कापत राहते. दार उघडताना वायर ताणून तुटू नये म्हणून दाराशी थोडी सैल ठेवली, मग छताच्या कडेने ती पुढे नेली. कॅमेऱ्याला वीज दिली ती मागे जाण्याच्या पांढऱ्या दिव्याची. मागचा गिअर टाकला की त्या दिव्याला बारा व्होल्ट मिळतात, त्याच विजेवर कॅमेरा जागा होतो आणि पुढचा पडदाही उजळतो. मला या व्यवस्थेचे कौतुक वाटले. हा पहारेकरी बोलावल्याशिवाय येत नाही आणि त्याला फोनही येत नाहीत.

पहिल्या खेपेला घोटाळा झाला. मी गाडीच्या डाव्या अंगाला उभा राहिलो तर पडद्यावर उजवीकडे दिसू लागलो. कॅमेरा मागे तोंड करून पाहतो, चालक पुढे तोंड करून. मग दोघांचे डावे-उजवे जुळायचे कसे? चित्र आरशासारखे उलटावे लागते. पोराने एक बारीकशी वायर कापली आणि मी पुन्हा माझ्या बाजूला आलो.

मग पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा दिसू लागल्या. पुतण्या खूश झाला. पण माझ्यातला भूमितीचा मास्तर जागा झाला. ही लाल रेघ म्हणजे नेमके किती अंतर? पोर म्हणाला, "आजोबा, अंदाजानं असतं ते." मी म्हटले, "अंदाजानंच मागच्या वर्षी घात केला होता." आणि सौभाग्यवतींकडून रांगोळीचा डबा मागून आणला. टेपने मोजून गाडीच्या मागे अर्ध्या मीटरवर, एका मीटरवर आणि दोन मीटरवर रांगोळीच्या तीन सरळ रेघा काढल्या. पडद्यावर पाहिले तर आमची एक मीटरची रेघ बरीच लांब गेल्यासारखी दिसे. रुंद नजरेच्या भिंगाचा हा दोषच आहे. ते खूप पाहते, पण जवळचे दूर दाखवते. कॅमेरा थोडा खाली झुकवला, पडद्याच्या तळाला गाडीची स्वतःची मागची कड दिसू लागली, आणि लाल रेघ अर्ध्या मीटरच्या रांगोळीवर आली तेव्हाच मी पोराला चहा दिला.

शेवटी मुलीला तिचा तोच पाट दिला आणि रांगोळीच्या पहिल्या रेघेवर बसवले. इंजिन बंदच ठेवून किल्ली फक्त वीज चालू होईल एवढीच फिरवली आणि नुसता गिअर टाकून पडदा पेटता ठेवला. पुतण्याने पाहिले. मी पाहिले. ती इवलीशी, पाटावर मांडी घालून, कॅमेऱ्याकडे जीभ काढून दाखवत होती. पूर्ण दिसत होती, अगदी रिबिनीसकट. पुतण्या पडद्याकडे पाहत राहिला आणि मी बाहेर पाहत राहिलो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली तेव्हा मी सवयीने मागे जाऊन उभा राहिलो. पुतण्याने मान बाहेर काढली आणि ओरडला, "काका, बाजूला व्हा! पडद्यात नुसता तुमचा लेंगा दिसतोय!" घरात सगळे हसले. मीही हसलो. पण मग मी त्याला आमचा नवा करार सांगितला. कॅमेरा गिअर टाकल्यावर जागा होतो. त्याच्या आधी गाडीखाली मांजर बसले असेल, बाजूला चेंडू घरंगळला असेल, त्याच्यामागे कोणी धावले असेल, ते त्याला ठाऊक नसते. पावसात भिंगावर चिखल उडाला तर तोही आंधळाच. आणि त्याला दिसले तरी त्याला "बास!" म्हणता येत नाही. तेव्हा रोज भिंग पुसायचे ते मी, आणि किल्ली फिरण्याआधी गाडीला एक पुरी प्रदक्षिणा घालायची तीही मी. खिशात फोन न ठेवता.

यंदा किल्ला अंगणाच्या पुढच्या कोपऱ्यात, तुळशीपलीकडे झाला आहे. मावळे नवे आणले. सगळे अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून उभे आहेत. एक तेवढा मागच्या बुरुजावर उलट्या तोंडाने उभा केला आहे. "हा का असा?" मी विचारले. ती म्हणाली, "सगळ्यांनी पुढं बघितलं तर मागचं कोण बघणार?" हे तिला कोणी शिकवले, मी विचारले नाही.

आज पहाटे अनाराशांचे डबे भरून झाले. मी भिंग पुसले, वाकून गाडीखाली पाहिले, पुरा फेरा घातला आणि मुलगी ओसरीवर आजीजवळ बसली आहे हे डोळ्यांनी पाहून घेतले. मग बाजूला झालो आणि आप्पा मारत तशा पत्र्यावर दोन थापा मारल्या. गाडी हळूहळू मागे निघाली.