पानिपत, बर्मिंगहॅम आणि मामांची वही

प्लेसमेंटच्या फॉर्मवर ‘छंद’ असा एक रकाना असतो. आमच्या विंगमधल्या बहुतेकांनी तिथे ‘वाचन, संगीत, क्रिकेट’ असं ठोकून दिलं (त्यांतल्या निम्म्यांनी शेवटचं पुस्तक वाचलं ते दहावीला, पण ते असो). मी लिहिलं, ‘जुन्या तलवारींचा अभ्यास’. झालं! त्या दिवसापासून मेसमध्ये मला ‘सरदार’ म्हणतात आणि रेक्टर सर एकदा सहज आल्यासारखं करून माझ्या कॉटखाली डोकावून गेले. सर, या पानावरून जाहीर करतो : माझ्या खोलीत एकही तलवार नाही. आहेत ते फोटो, मापं लिहिलेले कागद आणि एक भिंग.

तलवारी आहेत त्या माझ्या मामांकडे, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी. मामा चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त. गेली तीस वर्षं पगारातून चार पैसे वाचवून त्यांनी हा संसार मांडलाय. सतरा पाती, चार कट्यारी, एक बिचवा आणि एक पट्टा. (पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि पुढे लांबलचक, लवचिक, सरळ पातं. मुठीत हात घातला की मनगट जवळजवळ बांधलंच जातं, सगळा फिराव खांद्यातून.) हे सगळं परवान्यावर आहे, हे आधीच सांगून टाकतो. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या नियमांत येतात. शिवाय १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ती कुणाला उचलून परदेशात विकता येत नाही. मामा असल्या बाबतीत फार कडक. तलवारीपेक्षा जास्त ते कागद जपतात.

आणि कागदांत सगळ्यांत वरचा मान वहीचा. दोनशे पानी, लाल कापडी पाठीची. प्रत्येक वस्तूला एक पान : कुठून मिळाली, कितीला, विकणारा काय म्हणाला, आणि त्याखाली वेगळ्या शाईने ‘प्रत्यक्षात काय दिसते’. या दोन रकान्यांत कधीकधी इतकं अंतर असतं की वाचून हसू येतं. विकणारा म्हणतो ‘खुद्द मावळ्याची’, आणि खाली मामांची नोंद : ‘ट्रकच्या पाट्याचे पाते. ॲसिडने गंजवले आहे. घेतली नाही.’

नकली माल ओळखायला मामांनीच शिकवलं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी त्यांच्यामागे पिशवी धरून मी लहानपणापासून हिंडलोय. खरा जुना गंज काळपट, घट्ट, पात्याला धरून बसलेला असतो. ॲसिडचा गंज सगळीकडे सारखा आणि लालभडक, बोट फिरवलं की बोटाला येतो. खरी तलवार हातात घेतली की जड वाटत नाही, कारण पातं मुठीकडे जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं. लग्नात नवरदेवाच्या हातात देतात ती सगळीकडे सारख्या जाडीची पट्टी, दोन मिनिटांत मनगट दुखायला लागतं. आणि लोक म्हणतात ना, ‘मूठ किती लहान, म्हणजे त्या काळच्या माणसांचे हात लहान होते’? तसं काही नाही. मूठ मुद्दामच आवळ ठेवलेली असते. खालची चकती मनगटाला टेकते, तलवार हातात हलत नाही, आणि घाव घालताना ओढून कापता येतं.

मी मेटॅलर्जीला आलो तो या माणसामुळे. (घरच्यांना कॉम्प्युटर हवं होतं.) दुसऱ्या वर्षाला मामांनी भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने घेतलेला, जेमतेम बोटभर लांबीचा, तुटक्या पात्याचा एक तुकडा मला दिला. ‘बघ तुझ्या प्रयोगशाळेत काही दिसतंय का.’ सरांची परवानगी घेतली, माउंट केला, पॉलिश केला, नायटल लावलं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. काळपट पर्लाइटमध्ये सिमेंटाइटचे पांढरे दाणे, तेही अस्ताव्यस्त नव्हे, तर रांगेत, शेतातल्या सऱ्यांसारखे. सर बराच वेळ आयपीसला डोळा लावून बसले. मग म्हणाले, ‘अरे, हे तर वुट्झ आहे. जर्नलमध्ये नको, हे आधी नीट लिहून काढ.’

वुट्झ म्हणजे आपल्या दख्खनचं आणि दक्षिणेचं मुशीतलं पोलाद. कानडी ‘उक्कु’वरून हा शब्द आला असं मानतात. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक मोठं केंद्र होतं. लोखंड आणि कार्बन देणारा पाला-कोळसा मातीच्या मुशीत बंद करायचा, वितळवायचा आणि हळूहळू थंड होऊ द्यायचा. कार्बन साधारण दीड टक्का! एवढ्या कार्बनचं पोलाद नेहमीच्या पद्धतीने ठोकलं तर तडकतंच. पण कमी तापमानावर, परत परत तापवून ठोकलं की त्यात कार्बाइडच्या रांगा तयार होतात आणि पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. फारसीत तिला जौहर म्हणतात. खुद्द मायकेल फॅरडेने, तो लोहाराचाच मुलगा, १८१९ मध्ये या पोलादाचं विश्लेषण छापलं. त्याला वाटलं, कमाल ॲल्युमिना आणि सिलिकाची आहे. ते चुकीचं निघालं. १९९८ मध्ये व्हेरहोवेन हे प्राध्यापक आणि पेंड्रे हा लोहार, या जोडीने दाखवलं की व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याचा अगदी किरकोळ अंश त्या रांगा जुळवून आणतो. म्हणजे ठरावीक खाणीचं लोखंड संपलं की नक्षी संपली! ‘आपल्या पूर्वजांना नॅनोटेक्नॉलॉजी येत होती’ असले मेसेज फिरतात तेव्हा मला वैताग येतो. त्यांना व्हॅनेडियम ठाऊक नव्हतं. त्यांना भट्टीचा रंग कळत होता, आणि माझ्या मते ती जास्त अवघड गोष्ट आहे.

असो. सांगायचं वेगळंच आहे.

मामांच्या वहीत एका पानावर काळी चौकट आहे. ओळखीच्या एका घरात सोन्याची कोफ्तगिरी केलेली जुनी तलवार होती. मामांनी त्यांना हजारदा सांगितलं होतं, तेल लावा, बाकी हात लावू नका. मुलाच्या लग्नाआधी त्यांनी ती शहरातल्या एका दुकानात ‘चमकवायला’ दिली. कोफ्तगिरीत पोलादावर बारीक रेघा ओढून खरखरीतपणा आणतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोनं असतं ते फक्त पृष्ठभागावर. बफिंगच्या चाकाने दहा मिनिटांत सोनं, अक्षरं, वेलबुट्टी सगळं उडवलं, वर क्रोमचा मुलामा दिला. तलवार स्टीलच्या तांब्यासारखी लखलखत परत आली. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. मामा जेवले नाहीत. वहीत नोंद आहे : ‘मजकूर दोन ओळी होता. वाचून घ्यायचा राहिला.’

आता आमच्या घरच्या तलवारीबद्दल. ती मामांच्या संग्रहातली नव्हे, देवघरातली. खंडेनवमीला बाहेर काढायची, आजीने हळदकुंकू वाहायचं, तेल लावायचं आणि परत कापडात गुंडाळून ठेवायची. ‘पानिपतावरनं आलेली हाय,’ असं आजी सांगायची, तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. आमचे कोणीतरी पूर्वज १७६१ च्या जानेवारीत तिथून जखमी होऊन चालत घरी आले, एवढी ती गोष्ट. भाऊबंदांत आमच्या घराला त्यावर मान होता. मामांच्या वहीत तिला पहिलं पान होतं, पण ‘प्रत्यक्षात काय दिसते’ हा रकाना कोराच. आजी हात लावू देत नसे, आणि मला वाटतं, मामांनीही फार आग्रह धरला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात घराची मागची भिंत बसली. त्याच सुमारास एक व्यापारी आला. त्याने तलवार लांबूनच पाहिली आणि चार लाख म्हणाला. अट एकच : ‘पानिपतची आहे असं घराण्याच्या नावानं दोन ओळी लिहून द्या.’ त्याचंही बरोबर होतं म्हणा. किंमत पोलादाला नसते, नावाला असते. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार ४७.१५ लाखांना परत आणली. तिचं पातं युरोपातलं आहे, पण त्यावर देवनागरीत सोन्याने रघुजींचं नाव आहे. तिथे नाव तलवारीवरच आहे, हा फरक. उलट २०२४ च्या जुलैत साताऱ्याला वाघनखं पाहायला आम्ही सगळे रांगेत उभे होतो. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, हे लंडनच्या म्युझियमने स्वतःच म्हटलंय. एवढ्या मोठ्या म्युझियमला जे लिहून देता येत नाही, ते मामांनी देवघरात बसून लिहून द्यायचं होतं.

मामा म्हणाले, आधी बघू तरी. मुठीजवळ गंज धरला होता, तेवढं कारण आजीला पटलं. रॉकेल, कापूस आणि बांबूची काडी. सँडपेपर नाही, लोखंडी काही नाही. पन्नास-साठ वर्षांचं हळदकुंकू आणि तेल मिळून गुळाच्या पाकासारखा थर झाला होता. दोन दिवस आम्ही आळीपाळीने तो सोडवत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पात्याच्या पाठीवर, मुठीच्या अगदी लगत, अक्षरं दिसायला लागली. मला वाटलं मोडी असेल. भिंग धरलं. इंग्रजी होती. ‘मोल’, आणि पुढे ‘बर्मिंगहॅम’.

मोल ही बर्मिंगहॅमची तलवारी बनवणारी पेढी, एकोणिसाव्या शतकातली. हिंदुस्थानी घोडदळासाठी त्यांनी पुष्कळ पाती पाठवली. इकडे ती तलवारीच्या देशी मुठीतही बसवली जात. युरोपातून पातं आणि मूठ इथली हा प्रकार जुनाच. शिवकाळात पोर्तुगीजांमार्फत आलेल्या पात्यांना फिरंग म्हणत, आणि त्यांच्यावरचे कारखान्यांचे शिक्के इथले कारागीर बिनदिक्कत उतरवून घेत, हल्ली आयएसआयचा शिक्का मारतात तसे. पण हा शिक्का नकली नव्हता, आणि पानिपताच्या वेळी ही पेढी जन्मालाही आली नव्हती.

मामांनी व्यापाऱ्याला फोन करून सरळ सांगितलं. तो क्षणभरही थांबला नाही. ‘गुरुजी, त्यात काय? अक्षरं घासून काढू. अर्ध्या तासाचं काम. रक्कम तीच.’

मामांनी फोन ठेवला. मागच्या भिंतीवर ताडपत्री फडफडत होती, तिचा आवाज घरभर येत होता. मामी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं ते मी पाहिलं. चार लाखांत भिंत होऊन वर स्वयंपाकघरही झालं असतं. मामा म्हणाले, ‘पतसंस्थेत विचारतो उद्या.’ एवढंच. (भिंत झाली. हप्ते अजून चालू आहेत.)

खरी पंचाईत आजीला सांगायची होती. मामांनी ते काम माझ्यावर ढकललं, ‘तू इंजिनिअर, तू सांग.’ मी शक्य तितकं मऊ करून सांगितलं. आजी तलवारीकडे बघत राहिली.

‘म्हंजी साहेबाची हाय?’

‘पातं साहेबाच्या देशातलं, आजी. मूठ इकडची.’

‘मग आपलं माणूस कुठं हुतं?’

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. ते तिच्याकडेच निघालं. संध्याकाळी ज्वारी निवडता निवडता ती आपणहून म्हणाली, ‘सासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासऱ्याला बैलगाडीत घालून साताऱ्याला न्यायचं, पेन्शन आणायला. घोड्याच्या पलटणीत हुतं म्हणं ते.’ मामा चहाचा कप हातात धरून तसेच उभे राहिले. पेन्शनची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, तलवारीचीही ठाऊक होती. दोन्ही एकाच माणसाच्या, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

इंग्रजांच्या हिंदुस्थानी घोडदळात पहिल्या महायुद्धापर्यंत शिलेदारी पद्धत होती. शब्दही आपलाच. स्वार घोडा आणि सामान स्वतःच्या खर्चाने आणायचा, बंदूक सरकारची. तलवार त्याची स्वतःची. ती त्याच्याबरोबर घरी येणं अगदी सरळ आहे. पानिपताच्या वीराला नाव नव्हतं. याला आहे, खापरपणजोबा म्हणून आमच्या सात-बारावर आहे.

भाऊबंदांना हे फारसं रुचलं नाही. एका काकांनी तर ‘शिकलेली पोरं घराण्याची अब्रू घालवतात’ असं मला ऐकवलं. इंग्रजांची चाकरी केलेला पूर्वज कुणाला मिरवावासा वाटत नाही, हे मला कळतं. माझंही मत अजून पक्कं झालेलं नाही. पण पोटासाठी घोडा विकत घेऊन रिसाल्यात गेलेला माणूस शंभराहून जास्त वर्षं आधीच्या लढाईत नेऊन उभा करायचा आणि त्याचं स्वतःचं आयुष्य पुसून टाकायचं, हे मला त्या बफिंगच्या चाकासारखंच वाटतं.

वहीच्या पहिल्या पानावर ‘पानिपत’ या शब्दावर मामांनी एक आडवी रेघ मारली आहे. शब्द खालून वाचता येतो. खालचा रकाना आता भरलाय. तलवार देवघरातच आहे, फक्त कुंकू आता आजी तिच्यासमोरच्या पानावर वाहते, पात्यावर नाही. मुठीच्या आतल्या अंगाला छिन्नीने ठोकलेला एक आकडा सापडलाय, बहुधा रिसाल्याचा. मामांनी कागद ठेवून, त्यावर शिसपेन्सिल घासून त्याचा ठसा घेतला आणि मला पाठवला. तो सध्या माझ्या हीट ट्रीटमेंटच्या जर्नलमध्ये आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो घेऊन मी आणि मामा पुण्याला जुन्या पलटणींचे कागद पाहायला जाणार आहोत. सबमिशन त्याआधी झालं तर.