स्क्रू ढिला आहे का?

‘ये बॅग किसका है?’

विमानतळावर हे चार शब्द ऐकले की भल्याभल्यांचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी व्हायचा तसा होतो. रांगेतले दहा जण एकमेकांकडे बघतात, बेल्ट काढलेली पँट सावरतात आणि मनातल्या मनात जप करतात, माझी नको, माझी नको. त्या दिवशी माझी होती.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी सर्व्हिस इंजिनिअर आहे. तुम्ही वेफर्सचं पाकीट फोडता ना, ती पाकिटं भरून सील करणारी मशीन्स बंद पडली की आमचा फोन वाजतो. महिन्याला तीन-चार फ्लाइट्स ठरलेल्या. ‘वॉव, किती फिरतेस गं तू!’ असं मैत्रिणी म्हणतात. त्यांना कसं सांगू, की मी गुवाहाटीला जाऊन फक्त गिअरबॉक्स बघून आले!

टूलकिट अर्थातच चेक-इनला. पाने, पक्कड, ॲलन कीचा सेट असं सगळं मिळून नऊ किलो. पंधरा किलोंच्या लिमिटमध्ये उरलेल्या सहा किलोंत मी, माझे कपडे आणि आईने कोंबलेला चिवडा. केबिन बॅगेत लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर, मल्टिमीटर, केबल्सचं भेंडोळं आणि पॉवरबँक. सिक्युरिटीला माझ्या एकटीचे तीन ट्रे लागतात. मागचा माणूस घड्याळ बघून उसासे टाकतो. आणि मल्टिमीटरवर ‘ये क्या है?’ हा प्रश्न येतोच. ‘करंट चेक करते हैं’ म्हटलं, की काही ठिकाणी मान डोलावतात, काही ठिकाणी साहेबांना बोलावतात. कुठे काय होईल याची पैज लावायला मला आवडेल, पण सोबत कुणी नसतं.

तर ती बॅग. एक्स-रेच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि कपडे, खाणं वगैरे नारिंगी. माझ्या बॅगेच्या पेन ठेवायच्या कप्प्यात एक बारीक निळी रेघ दिसली होती.

‘मॅडम, पेचकस है.’

होता. सहा इंची, पिवळ्या मुठीचा, बाबांचा स्क्रू ड्रायव्हर. बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते, एकतीस वर्षं. मला नोकरी लागली तेव्हा लोक पेन देतात, पर्स देतात. बाबांनी हा दिला. दांड्यावर त्यांची आद्याक्षरं कोरलेली, कारण टूलरूममध्ये वस्तूंना पाय फुटतात. तो मी किटमध्ये कधी ठेवलाच नाही. पेनांच्या शेजारी असायचा. तसाच माझ्याबरोबर दहा-बाराहून जास्त वेळा विमानात बसला, आणि मला त्याची जाणीवही नव्हती. जाताना सोमवारी तो चालला. येताना बुधवारी नाही चालला.

‘चेक-इन कर दीजिए, या बाहर किसी को दे दीजिए.’

काउंटर बंद झालेला. बाहेर ‘किसी को’ कोण असणार? त्या शहरात मी फक्त एका फॅक्टरीच्या मेंटेनन्स मॅनेजरला ओळखत होते आणि तो मला सोडून तासाभराच्या अंतरावर परत गेला होता. मी वाद घातला. पापाजी का है, म्हटलं. सोमवारी चालला होता, हेही म्हटलं, आणि म्हणताक्षणी कळलं की हे बोलायला नको होतं! बाई काही उर्मट नव्हत्या. उलट तेवढ्यापुरत्या जरा थांबल्या, वळून साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली. काचेच्या पेटीत नेलकटर, कात्र्या, लायटर आणि कुणाचा तरी फळं सोलायचा चाकू पडला होता. त्यांच्यावर तो ठेवला. ठेवला म्हणते, त्यांनी खरंच टाकला नाही.

विमानात बसल्यावर माझ्या पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी ड्यूटी फ्रीची काचेची बाटली वर ठेवली. जाऊ दे, त्यावर मी बोलले तर लेख संपणार नाही.

घरी येऊन मी हट्टाने नियम शोधत बसले. चूक माझी आहे हे आधीच सांगते. आपल्याकडे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पाने ही सगळी हत्यारं केबिनमध्ये चालत नाहीत, चेक-इनमध्येच टाकायची. पण गंमत बघा. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ घड्याळ दुरुस्तीचा पूर्ण सेट खिशात घालून फिरतो, कारण अमेरिकेत डिसेंबर २००५ पासून सात इंचांपर्यंतची हँडटूल्स केबिनमध्ये चालतात. २०१३ मध्ये तर त्यांनी छोटे चाकूही परत आणायचं जाहीर केलं होतं. एअर होस्टेस आणि पायलट मंडळी इतकी भडकली की तीन महिन्यांत निर्णय गुंडाळावा लागला. म्हणजे माझा स्क्रू ड्रायव्हर तिकडे साधा स्क्रू ड्रायव्हर आणि इकडे शस्त्र.

पॉवरबँकचं बरोबर उलटं. हत्यार खाली, बॅटरी वर! पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून पॉवरबँक टूलकिटमध्ये घातली होती. माझ्या नावाची अनाउन्समेंट झाली, बॅग उघडायला धावत जावं लागलं. मला तो निव्वळ छळ वाटला होता. आता पटतं. लिथियम बॅटरी तापून पेटली तर केबिनमध्ये कुणाला तरी दिसते, विझवता येते. खाली सामानात दिसणार कुणाला? जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी जमिनीवरच पेटलं, तेव्हा संशय पॉवरबँकवरच गेला. मर्यादा आहे शंभर वॉट-अवरची. पाकिटावर मात्र एमएएच लिहिलेलं असतं, त्यामुळे गोंधळ. तर गणित असं, की एमएएचला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. वीस हजारांची पॉवरबँक ७४ येते, सत्तावीस हजारांची जेमतेम शंभराच्या आत बसते. छापलेला आकडा पुसला गेला असेल, तर वाद घालू नका, हरता.

प्रत्येक नियमामागे एक भीतीदायक दिवस आहे, हेही वाचताना कळलं. बूट काढायला लावू लागले, कारण डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटकं लपवली. शंभर मिलीच्या बाटल्या ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला उघड झालेल्या कटानंतर आल्या. आणि १९९९ च्या डिसेंबरमधलं कंदाहार तर आपल्या घराघरात टीव्हीवर दिसलं होतं. मी तेव्हा रांगत होते, पण आई अजून त्या आठवड्याबद्दल बोलते. हीच आई २०२२ पासून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनमध्ये चालत नाहीत हे ऐकून मात्र दोन दिवस रागावली होती. खोबरं तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, हे तिला पटवता पटवता मीच तापले.

नियम असावेत, मला मान्य आहे. माझं भांडण सोमवार आणि बुधवारशी आहे. दर वेळी पकडला असता तर पहिल्याच खेपेला मी तो किटमध्ये टाकला असता, आणि विषय संपला असता.

बाबांना मी सांगितलं नाही. आठवडे गेले. फोनवर ते मशीनबद्दल विचारायचे, मी मशीनबद्दलच सांगायचे. दुकानातून तसाच पिवळ्या मुठीचा नवा आणला, पण त्यावर अक्षरं नव्हती. मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी पाटावर सगळी हत्यारं मांडतात. बाबांचं व्हर्नियर, कानस, राइट अँगल, माझं किट. झेंडूची फुलं, हळद-कुंकू. बाबांनी हात पुढे केला, ‘तो दे.’ मी नवा दिला. त्यांनी मूठ बघितली, दांडा फिरवून बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

मी सगळं सांगितलं. अगदी ‘पापाजी का है’सकट.

बाबा बराच वेळ दांडा फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘आमची रोज झडती व्हायची. गेटवर डबासुद्धा उघडून दाखवायला लागायचा. फक्त आमची बाहेर येताना व्हायची.’ थोड्या वेळाने विचारलं, ‘त्या बाईंनी फेकला का गं?’

‘नाही. ठेवला.’

‘बरं.’

पूजा झाल्यावर त्यांनी शेजारच्या वर्कशॉपमधून कोरायचं मशीन मागून आणलं. अक्षरं या वेळी माझी होती. नंतर माझ्या लॅपटॉप बॅगेतला पेनांचा कप्पा त्यांनी सुई-दोऱ्याने चक्क शिवून टाकला. आता पेनं कुठे ठेवायची, हा प्रश्न आहे.