मेंढपाळाने डिंगोची बाजू घ्यावी काय?

धर्मगुरूच्या आयुष्यात प्रार्थनेची विनंती ही नित्याचीच बाब. कुणाच्या मुलीची परीक्षा असते, कुणाची शस्त्रक्रिया असते, कुणाचे परदेशगमन अडलेले असते. आपण डोळे मिटतो, हात जोडतो आणि प्रार्थना म्हणतो. देवाजवळ आपण नेमके काय मागितले, याचा विचार करण्याची पाळी क्वचितच येते. माझ्यावर ती ऑगस्ट २०२४ मध्ये आली आणि तीही वसईपासून हजारो मैल दूर, ऑस्ट्रेलियातील एका मेंढपाळाच्या घरी.

माझी पुतणी मेलबर्नला परिचारिका आहे. तिच्या आग्रहावरून मी तिकडे गेलो होतो. त्याच सुमारास व्हिक्टोरिया राज्याच्या पूर्वेस, गिप्सलँडच्या डोंगराळ भागातील एका वयोवृद्ध धर्मगुरूंना विश्रांतीची गरज होती. त्यांच्या जागी तीन आठवडे मिस्सा अर्पण करण्याची जबाबदारी मी आनंदाने पत्करली. धर्मग्राम विस्ताराने आपल्या सबंध वसई तालुक्याहून मोठा, पण रविवारच्या मिस्साला माणसे जेमतेम चाळीस.

त्या चाळिसांपैकी एक साठीचे गृहस्थ मला एका संध्याकाळी जेवायला घरी घेऊन गेले. त्यांचे पूर्वज आयर्लंडहून आलेले. चार पिढ्यांचा व्यवसाय मेंढीपालनाचा. कोकरे जन्माला येण्याचा तो हंगाम होता. जेवणाआधी त्यांनी मला कुरणाच्या टोकाशी नेले. तेथे सात मेंढ्या पडल्या होत्या. त्यांतली एक अद्याप जिवंत होती. तिचा मागचा भाग फाडून काढलेला होता. ते बंदूक आणण्यासाठी घरात गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"रानकुत्रे, फादर," ते म्हणाले. "आमच्या कळपासाठी प्रार्थना करा आणि या कुत्र्यांचा नायनाट व्हावा म्हणूनही करा."

मी केली. सारे कुटुंब टेबलाभोवती हात जोडून उभे होते. कळपाचे रक्षण व्हावे आणि त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांचा नाश व्हावा, असे शब्द माझ्या तोंडून गेले. सर्वांनी 'आमेन' म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला गाडीने चर्चपाशी सोडायला निघाले. वाटेत रस्त्याकडेच्या एका झाडाला आठ-दहा कलेवरे मागच्या पायांनी उलटी टांगलेली दिसली. बहुतेक उन्हापावसाने वाळलेली होती. एक मात्र ताजे होते. तांबूस अंग, ताठ कान, पांढरे पंजे. आमच्या गावात चर्चच्या पायरीवर ऊन खात पडणाऱ्या कुत्र्याचीच मला आठवण झाली.

"हाच का डिंगो?" मी विचारले.

"आम्ही त्याला रानकुत्रा म्हणतो," ते शांतपणे म्हणाले.

ते उत्तर माझ्या मनातून जाईना. सेमिनरीत उत्पत्तीच्या पुस्तकाचा अभ्यास करताना आमचे प्राध्यापक एका गोष्टीवर फार भर देत. परमेश्वराने सर्व प्राणी आदामापुढे आणले आणि त्यांना नावे देण्याचे काम त्याच्यावर सोपवले. नाव देणे म्हणजे केवळ ओळखण्यासाठी खूण करणे नव्हे, तर त्या जिवाशी नाते जोडणे, त्याची जबाबदारी स्वीकारणे. याची दुसरी बाजू मला त्या झाडाखाली उमगली. एखाद्याचे नाव काढून घेतले की त्याला मारणे सोपे होते.

'डिंगो' हा शब्द सिडनी परिसरातील धारुग या आदिवासी भाषेतून आलेला आहे. क्वीन्सलँड राज्यातील क्गारी बेटावरचे बुचुल्ला लोक त्याला 'वोंगारी' म्हणतात. मेंढपाळांच्या बोलण्यात आणि सरकारी कागदपत्रांत मात्र तो 'रानकुत्रा' होतो. आपल्या सह्याद्रीतला कोळसुंदा हा अगदी वेगळा प्राणी. तेथे या शब्दाचा अर्थ माजलेले, संकर झालेले पाळीव कुत्रे असा घेतला जातो. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने निराळेच चित्र पुढे आणले. व्हिक्टोरियात तपासलेल्या अशा प्राण्यांपैकी सुमारे ८७ टक्के शुद्ध डिंगो निघाले. याच राज्याने २००८ साली डिंगोची नोंद संकटग्रस्त प्राण्यांमध्ये केली होती. तरीही खासगी जमिनीवर आणि तिला लागून असलेल्या सरकारी रानाच्या तीन किलोमीटरच्या पट्ट्यात त्याला मारण्याची मुभा ठेवण्यात आली. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या वायव्य भागातून ही मुभा काढून घेण्यात आली, कारण तेथे अवघे चाळीसच्या आसपास डिंगो उरले असावेत असा अंदाज होता. पूर्वेकडे, म्हणजे मी होतो त्या भागात, ती तशीच राहिली.

डिंगोविरुद्ध एक आक्षेप हमखास घेतला जातो: तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा नव्हेच, माणसांबरोबर होड्यांतून आलेला आहे. होय, तो समुद्रमार्गेच आला. पण केव्हा? तेथे सापडलेली त्याची हाडे तीन हजार वर्षांहून जुनी आहेत. बेथलेहेमच्या रानात बाल दावीद मेंढरे राखत होता, त्याही आधी डिंगो त्या भूमीवर नांदत होता. ऑस्ट्रेलियातली पहिली मेंढी १७८८ साली इंग्रजांच्या जहाजांतून उतरली. वाचकहो, हा आक्षेप ऐकताना मला आपली आठवण झाली. आपली श्रद्धा सोळाव्या शतकात समुद्रमार्गे वसईच्या किनाऱ्याला लागली. इतक्या पिढ्या याच मातीत वाडी शिंपून, याच मातीत आपली माणसे पुरूनही, "तुम्ही मूळचे कुठले?" असे विचारणारे आपल्याला आजही भेटतात. तो प्रश्न कसा बोचतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तीन हजार वर्षांच्या रहिवाशाला उपरा म्हणू नये.

मेंढ्यांना डिंगोपासून वाचवण्यासाठी त्या देशात सुमारे ५६०० किलोमीटर लांबीचे कुंपण घातलेले आहे. अभ्यासकांनी वाळवंटी भागात त्याच्या दोन्ही बाजूंची तुलना केली. जेथे डिंगो संपवले गेले, तेथे कांगारू आणि कोल्हे वाढले, गवत घटले आणि उड्या मारणारे चिमुकले स्थानिक उंदीर दिसेनासे होऊ लागले. कोल्हा हा तेथे युरोपियनांनी आणलेला प्राणी. त्याला धाकात ठेवतो तो डिंगो. सृष्टीची वीण अशी एकमेकांत गुंतलेली असते. एक धागा ओढला की सारे वस्त्र उसवू लागते.

डिंगो निष्पाप आहे असे मी म्हणणार नाही. त्या सात मेंढ्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. १९८० साली उलुरू येथे अझारिया चेंबरलेन या तान्ह्या मुलीला डिंगोने उचलून नेले. तिच्या आईवरच खुनाचा आरोप ठेवून तिला तुरुंगात टाकण्यात आले आणि खरी गोष्ट अधिकृतपणे मान्य व्हायला २०१२ साल उजाडले. श्वापद हे श्वापदच. पण टास्मानिया बेटावरील पट्टेरी 'वाघा'ची कथाही विसरता येत नाही. मेंढ्या मारतो म्हणून १८८८ पासून १९०९ पर्यंत सरकारने त्याच्या हत्येसाठी बक्षीस दिले. पुढे त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, पण त्यानंतर अवघ्या ५९ दिवसांनी, ७ सप्टेंबर १९३६ रोजी, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा ज्ञात प्राणी मरण पावला. पश्चात्तापालाही वेळ असते.

निघण्यापूर्वीच्या रविवारी मिस्सानंतर मी त्या गृहस्थांना बाजूला घेतले. "तुमच्या घरी केलेल्या प्रार्थनेतला अर्धा भाग मला परत घ्यायचा आहे," मी म्हणालो. कोणता, हे त्यांनी विचारले नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात दिलेली शिकवण मी त्यांना सांगितली: प्रत्येक जिवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, मग तो आपल्या उपयोगाचा असो वा नसो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "फादर, माझ्या मेंढ्यांचे पैसे पोप महोदय देणार होते काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. परतीच्या प्रवासात मात्र संत फ्रान्सिस असिसीकरांची गुब्बियोच्या लांडग्याची कथा आठवत राहिली. लहानपणापासून आपण ती ऐकतो आणि लांडगा कसा शांत झाला तेवढेच लक्षात ठेवतो. संतांनी एक अट नगरवासीयांनाही घातली होती, हे विसरतो. लांडग्याच्या पोटाची जबाबदारी साऱ्या नगराने उचलली. एकट्या मेंढपाळाने नव्हे. आज डिंगोपुढे अन्न टाकणे घातक आहे. माणसाची भीती मेली की तो अंगावर येतो. पण नगराने भार उचलण्याचे तत्त्व तेच राहते. कळपासोबत मारेम्मा जातीचे राखणदार कुत्रे ठेवणे, चांगली कुंपणे बांधणे, गेलेल्या मेंढीची भरपाई देणे, हा खर्च साऱ्या समाजाने सोसला, तरच रानातले विष थांबवा असे त्या मेंढपाळाला सांगण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो. त्याची लोकर आपण सारेच अंगावर घालतो.

आम्हा धर्मगुरूंना कळपाचे मेंढपाळ म्हणतात. मेंढपाळाने श्वापदाची बाजू कशी घ्यावी, असे कुणी मला विचारले, तर मी नोहाकडे बोट दाखवीन. जलप्रलयानंतर देवाने केलेला करार केवळ नोहाशी आणि त्याच्या मुलांशी नव्हता. तारवातून उतरलेल्या प्रत्येक प्राण्याशी होता. त्या तारवात मेंढी होती आणि लांडगाही होता.

त्या कुटुंबासाठी मी आजही प्रार्थना करतो. त्यांचा कळप सुखरूप राहो, त्यांची कोकरे वाढोत, असे मागतो. त्यापुढचे वाक्य मी बदलले आहे. आता तेथे डिंगोचेही नाव घेतो.