झोपही कामाचाच भाग

आमच्या एटीआर ७२ या टर्बोप्रॉप विमानाला वेग आपोआप राखणारं ऑटोथ्रॉटल नसतं. उतरताना वेग हातानेच सांभाळावा लागतो. मोठी जेट विमानं ३५ हजार फुटांवर ढगांच्या वरून निघून जातात. आम्ही १७-१८ हजारांवर असतो, त्यामुळे पावसाळ्यात सह्याद्रीवर येताना ढग चुकवत, वाट काढत जावं लागतं. हैदराबादहून नांदेड किंवा कोल्हापूर गाठायला फार वेळ लागत नाही. वर पोचतो न पोचतो तोच उतरायची तयारी सुरू होते. असं दिवसातून चार-चार वेळा. लॉगबुकात तास थोडेच दिसतात, पण अंगाला दिवसभराचं काम कळतं.

छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेतली पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ रोजी सुटली, त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्गही होता. नांदेडचा माणूस तासाभरात हैदराबादला पोचू लागला याचा मला आजही आनंद वाटतो. ही सोय ज्यांच्या जिवावर चालते, त्यांत उजव्या सीटवरचा तरुण को-पायलट असतो. बारामती किंवा गोंदियाला २०० तास पूर्ण करून परवाना मिळवलेला, डोक्यावर लाखांचं कर्ज, आणि बेस घरापासून लांब. नोकरी लागल्याच्या पेढ्यांनंतर त्याच्या घरच्यांना त्याचा दिवस कसा जातो हे फारसं ठाऊक नसतं.

मी को-पायलट होते तेव्हा आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. खिडकीच्या काचांना आतून काळा कार्डपेपर चिकटवलेला असे. एकीचं पहाटेचं विमान, दुसरी रात्री उशिरा परतलेली, तिसरी स्टँडबायवर, म्हणजे बोलावणं आलं की निघायच्या तयारीत. कोणीतरी कायम झोपलेलं असायचं, म्हणून कुकर लावायचा तर शिट्टी होण्याआधी गॅस बारीक करायचा हा घरचा कायदा होता. स्टँडबायवाली उशाशी फोन घेऊन पडायची. फोन येईल या धास्तीत पडून राहणं म्हणजे झोप नव्हे, हे आम्हाला कोणत्याही पुस्तकात शिकवलं नव्हतं.

रोस्टरचा हिशेब बाहेरच्याला सोपा वाटतो. सहाचं विमान, म्हणजे पाचला रिपोर्टिंग. त्याआधी शहरातून विमानतळापर्यंतची गाडी, त्याआधी आंघोळ, इस्त्रीचा गणवेश. गजर होतो तीनला. पोचल्यावर आधी ब्रेथ अ‍ॅनलायझर, मग हवामान, इंधन, कागदपत्रं. मग अंधारात टॉर्च घेऊन विमानाभोवती फेरी: टायर, पंख्याची पाती, पिटो नळीवरचं झाकण काढलंय की नाही. ही फेरी बहुतेक वेळा ज्युनिअरच्याच वाट्याला येते, आणि तिथे नजर ताजी लागते.

नियमाप्रमाणे दोन ड्युट्यांमध्ये किमान १२ तास विश्रांती द्यावी लागते. पण रात्री आठ ते सकाळी आठ आणि सकाळी आठ ते रात्री आठ हे बारा तास सारखे नाहीत. पहिल्यात माणूस झोपतो. दुसऱ्यात तो बिछान्यावर पडून डोअरबेल, पाण्याचा टँकर आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग ऐकतो. चार दिवस पहाटेची आणि पाचव्या दिवशी रात्रीची ड्युटी लागली, तर कागदावर विश्रांतीचे तास पुरे भरतात. शरीर मात्र कुठल्याच वेळेचं राहत नाही. पहाटे दोन ते सहा हा शरीराच्या सर्वांत मंद चालीचा काळ असतो. मन कितीही खंबीर असलं तरी त्यात फरक पडत नाही.

थकव्याची किंमत काय असू शकते, ते अमेरिकेतल्या बफेलोजवळ १२ फेब्रुवारी २००९ रोजी दिसलं. कोल्गन एअरचं डॅश ८, आमच्या एटीआरसारखंच टर्बोप्रॉप, उतरण्याआधी कोसळलं आणि ५० माणसं गेली. २४ वर्षांची को-पायलट आदल्या रात्रभर प्रवास करून सिअ‍ॅटलहून न्यूअर्कच्या बेसवर पोचली होती. चौकशीत वैमानिकांच्या हातून झालेल्या चुका पुढे आल्या, आणि दोघांच्याही कामगिरीवर थकव्याचा परिणाम झाला असण्याची शक्यता नोंदवली गेली. त्यानंतर तिथले ड्युटीचे नियम बदलले. ते लागू व्हायला जानेवारी २०१४ उजाडला.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) जानेवारी २०२४मध्ये वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली, आणि रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहा वेळांवरून दोन वेळांवर आली. डिसेंबर २०२५मध्ये हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा टीव्हीवर या नियमांनाच दोष दिला गेला. मला ते फार लागलं. नियम कधी लागू होणार हे आधीपासून माहीत होतं. त्यासाठी माणसं वाढवणं आणि रोस्टर बदलणं हे नियोजनाचं काम होतं.

आता मी डाव्या सीटवर, म्हणजे कमांडरच्या जागी बसते. मध्यंतरी ब्रीफिंगच्या वेळी माझी को-पायलट हळूच म्हणाली, “मॅडम, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.” म्हटलं, “सांगितलंस ते बरं केलंस. आज तू उडायचं नाहीस.” क्रू कंट्रोलला फोन केला, स्टँडबायवरचा मुलगा आला, विमान उशिरा सुटलं. प्रवासी चिडले, त्यांचंही खरं होतं. पण तिने ते वाक्य बोलायला सगळं बळ एकवटलेलं मी पाहिलं. नोकरी नवी, कर्ज डोक्यावर, आणि ‘तक्रारखोर’ असा शिक्का बसण्याची भीती. थकव्याची तक्रार गोपनीय राहिली पाहिजे आणि तिच्यासाठी शिक्षा होता कामा नये, असं नवे नियम सांगतात. ते प्रत्यक्षात उतरणं बरंचसं आम्हा कमांडरांच्या हातात आहे. आपण कपाळाला आठी घातली की पुढचा ज्युनिअर गप्प बसतो.

म्हणून सीनिअर सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: ब्रीफिंगमध्ये हवामान आणि इंधनाच्या जोडीने ‘झोप झाली का?’ हेही रोज विचारा, आणि ‘नाही’ हे उत्तर शांतपणे ऐकून घ्या. आणि उजव्या सीटवरच्या मुला-मुलींनो, झोप झाली नसेल तर तसं सांगा. ते सांगणं लँडिंगइतकंच तुमच्या कामाचा भाग आहे.